पहिला छोटा ड्रम सेट घेताना या चुका टाळा

लहान सेट घेतला की आवाजही कमी होईल, या समजुतीवर खरेदी करू नका. लुडविग या ड्रम कंपनीच्या ब्रेकबीट्स या छोट्या सेटमध्ये बास ड्रम (पायाच्या पेडलने वाजतो तो) नेहमीच्या २२ इंचांऐवजी १६ इंचांचा आहे, पण स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) १४ इंचीच. स्नेअर आणि सिंबल (धातूच्या थाळ्या) तेवढेच मोठ्याने वाजतात. लहान ड्रममुळे जागा वाचते, सेट गाडीत मावतो. शेजाऱ्यांची झोप वाचत नाही. फ्लॅटमध्ये रोज सराव करायचा असेल तर जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट बघा. तिथेही बासच्या पेडलचा धक्का स्लॅबमधून खालच्या घरात पोचतो, म्हणून सेटखाली जाड मॅट हवीच.

किंमत बघताना 'शेल पॅक' हे शब्द दिसले तर थांबा. त्यात फक्त ड्रम मिळतात. सिंबल, हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या सिंबलच्या जोडीचा) स्टँड, पेडल आणि स्टूल वेगळे घ्यावे लागतात, आणि स्वस्त वाटलेला सेट तिथे महाग होतो. दुकानात आधी सगळ्याची एकत्र बेरीज मागा.

माझं ठाम मत आहे की नवशिक्याने टॉमच्या (तारा नसलेल्या, हाताने वाजवायच्या ड्रमच्या) संख्येवर पैसे घालवू नयेत. बास, स्नेअर, एक टॉम, जमिनीवर उभा राहणारा एक फ्लोअर टॉम, हाय-हॅट आणि एक राइड (मोठा सिंबल) एवढ्यावर कितीतरी वर्षं शिकता येतं. वाचलेले पैसे हाय-हॅट, पेडल आणि स्टुलावर घाला, कारण हातपाय सतत तिथेच असतात. डुगडुगणाऱ्या स्टुलावर पाठ दुखते आणि पायाचा तोलही बिघडतो. स्वस्त सेटसोबत येणारे सिंबल बहुधा पितळेचे असतात आणि पातेल्यासारखे वाजतात. बी-८ नावाचं कांसं म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. या कांशाचे साधे हाय-हॅट घेतले तरी फरक लगेच कळतो.

सेट घरी आला आणि आवाज बद्द लागला, तर तो खराब आहे असं ठरवू नका. नवा सेट बहुतेक वेळा सुरात लावलेला नसतो. सगळे बोल्ट आधी हाताने घट्ट होतील तेवढे फिरवा, मग किल्लीने समोरासमोरच्या जोड्या घेत प्रत्येकी अर्धा वेढा द्या. एकाच बाजूने ओळीने आवळत गेलं की पान (ड्रमवर ताणलेला पडदा) वाकडं ताणलं जातं आणि सूर लागत नाही. टॉम वाजवल्यावर स्नेअरच्या तारा झणझणत असतील तर टॉमचा सूर थोडा वर किंवा खाली घ्या. तारा खूप आवळून ती झणझण थांबवायला गेलात तर स्नेअरच गुदमरतो.

१६ इंची बास ड्रम जमिनीलगत ठेवला तर पेडलचा बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) मध्यावर न बसता वरच्या कडेकडे आपटतो. तो उचलायला खास रायझर मिळतो. ब्रेकबीट्ससोबत तो येतो, इतर छोट्या सेटसाठी आधी विचारून घ्या. बास पुढे सरकत असेल तर गालिचा अंथरा आणि ड्रमच्या पायांची टोकं त्यात रुतवा.

जुना सेट बघायला जाताना सिंबलच्या कडेवर आणि मधल्या भोकाभोवती बोट फिरवा, बारीक चीर तिथेच सुरू होते. पान काढायला लावून शेलची (ड्रमच्या गोल सांगाड्याची) कड सपाट आहे का, बोल्टचे आटे झिजलेत का, तेही तपासा. विकणारा पान काढू देत नसेल तर तो सेट घेऊ नका. आणि पहिल्या दिवसापासून कानात इअरप्लग घाला. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.