एका बीएमएसला दोन बॅटऱ्या: या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीच्या बागेतल्या खोलीवर काय, घरच्या इन्व्हर्टरला काय, लिथियम बॅटरी आता सर्रास दिसते. एक पुरेना म्हणून शेजारी दुसरी येते, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की करंट तोडणारं सर्किट) मात्र एकच राहतो आणि घोळ तिथून सुरू होतो. (खालचे आकडे लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेलचे आहेत. दुसऱ्या जातीचे सेल त्यात मिसळूच नका.)

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चार-चार सेलच्या दोन माळा करून फक्त त्यांची टोकं एकत्र बांधायची आणि बीएमएसच्या बारीक वायरी एकाच माळेला लावायच्या. बीएमएसला वायर लागलेलेच सेल दिसतात. दुसऱ्या माळेतला एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर चढला किंवा २.५ च्या खाली गेला, तरी त्याला पत्ता लागत नाही. बीएमएस एकच ठेवायचा असेल तर आधी दोन-दोन सेल पॅरललमध्ये बांधा, मग त्या चार जोड्या सिरीजमध्ये. बंद डब्यातल्या तयार बॅटऱ्यांना हे जमत नाही. तिथे प्रत्येकीचा आतला बीएमएस तसाच राहू द्या आणि प्रत्येकीच्या प्लसला वेगळा डीसी फ्यूज लावा.

पॅरलल जोडण्याआधी मीटर लावा. दोन बॅटऱ्यांत १ व्होल्टचा फरक आणि वाटेतला एकूण रोध २० मिलीओहम असेल, तर जोडताक्षणी ५० अँपिअर धावतात. त्यातही एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, म्हणून दोन्हींवर १३.२ दिसलं तरी एक निम्मी रिकामी असू शकते. दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, थोडा वेळ राहू द्या, फरक ०.१ व्होल्टच्या आत असेल तरच जोडा.

बारीक वायरी लावताना कनेक्टर बीएमएसमधून काढलेला हवा. सगळ्या लागल्या की मुख्य मायनसपासून एकेक पिन मोजा. दर पिनला साधारण ३.२-३.३ व्होल्ट वाढले पाहिजेत. मध्येच एकदम ६.५ ची उडी किंवा आधीच्या पिनपेक्षा कमी आकडा दिसला तर वायरींची अदलाबदल झालीय. तसाच खोचलात तर बीएमएस जळतो.

लोडचा मायनस थेट बॅटरीवरून घेणारेही भेटतात. मग बीएमएसने तोडलं तरी करंट चालूच! तो बीएमएसच्या पी-मायनसवरूनच (P- लिहिलेल्या टोकावरूनच) घ्या.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. भुसावळला मे महिन्यात हवाच ४५ अंशांना टेकते, पत्र्याखाली तर विचारू नका. बऱ्याच एलएफपी सेलची चार्जिंगची मर्यादा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते. तापमानाचा सेन्सर डब्यावर चिकटवू नका, सेलच्या मध्ये बसवा.

जोडून झाल्यावर आउटपुट शून्य दिसलं तर घाबरू नका; काही बीएमएस चार्जर लावल्याशिवाय जागेच होत नाहीत. एकाच सेलचा आकडा उड्या मारत असेल तर सेल बदलण्याआधी थेट त्याच्या टर्मिनलवर मोजा. बहुतेकदा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) ढिला निघतो.

चार्जिंग लवकर तुटत असेल तर एक जोडी बाकीच्यांआधी भरतेय. बीएमएसच्या बॅलन्सिंगवर (सेल सारख्या पातळीला आणण्यावर) विसंबू नका: ५० मिलीअँपिअरने १० अँपिअर-तासांचा फरक काढायला २०० तास लागतात. त्यापेक्षा मागे पडलेल्या जोड्या ३.६५ व्होल्टच्या सिंगल सेल चार्जरने वेगळ्या भरून घ्या.