जुन्या मोडेमवरून नंबर फिरवताना: स्वल्पविराम विसरू नका

नागपूरच्या इतवारीतल्या पेढ्यांवर अजून लँडलाइन आणि ईपीएबीएक्स (पेढीतलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) आहे. तिथे जुन्या मोडेमवरून नंबर लावला की 'नो डायलटोन' येतं, नाहीतर पहिलाच आकडा गिळला जातो. मोडेम बदलायची गरज नाही.

१. हायपरटर्मिनलमध्ये (मोडेमला कमांड द्यायचा जुन्या विंडोजमधला प्रोग्राम) मोडेमचा कॉम पोर्ट निवडा. एटी टाइप करून एंटर दाबा, ओके यायला हवं.

२. मग एटीएक्स३. आता मोडेम डायलटोनची वाट बघत बसत नाही. ईपीएबीएक्सचा टोन वेगळा असतो, म्हणून एरवी तो अडून बसतो.

३. एटीडीटी०,० आणि पुढे लगेच दहा आकडी मोबाईल नंबर, शेवटी अर्धविराम (;). पहिलं शून्य बाहेरची लाइन घ्यायला. स्वल्पविराम म्हणजे साधारण २ सेकंदांचा थांबा. लाइन उशिरा मिळत असेल तर दोन टाका. दुसरं शून्य २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईल लावताना लागतंच. खरी गंमत अर्धविरामाची: त्याने मोडेम नंबर फिरवून गप्प बसतो, कानात किंचाळत नाही.

४. पलीकडची रिंग ऐकू आली की आधी त्याच लाइनवरच्या फोनचा रिसीव्हर उचला, मगच एटीएच (मोडेमने लाइन सोडायची कमांड) द्या. उलट केलंत तर फोन कटतो.

कमांड सगळ्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत (AT, ATX3, ATDT0,0…, ATH), मध्ये जागा न सोडता.

पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की मोडेममधली फोनची वायर काढून ठेवा.