फाईल माहेरपणाला येते तेव्हा

अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून नुकतेच रुजू झाला असाल, तर 'कॅस'ची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेची (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम) फाईल आजच उघडा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, एमफिल असेल तर ५ आणि दोन्ही नसेल तर ६ वर्षांनी वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ मध्ये जाता येतं. नियम एवढाच, पण कागद फार. त्या कागदांतून मला माणसासारखं बाहेर काढलं ते स्टाफरूममधल्या हसण्यानं.

माझी फाईल दोनदा त्रुटी काढून परत आली. पहिल्यांदा एका झेरॉक्सवर साक्षांकनाचा शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा ओरिएंटेशनच्या, म्हणजे नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाच्या, प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावातली वेलांटी सेवापुस्तकाशी जुळेना. मी रडकुंडीला आले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, लेक माहेरी आलीय. ओटी भर आणि पाठव परत." सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी माझ्याकडून कोऱ्या कागदावर ओटीत काय काय घालायचं ते लिहून घेतलं: प्रतिज्ञापत्र, प्राचार्यांचं शिफारसपत्र, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत. तेव्हापासून आमच्याकडे त्रुटीपूर्तीला 'ओटी' म्हणतात, आणि नवीन माणसाला तो शब्द समजला की यादीही पाठ होते.

ज्येष्ठ मंडळी याहून जुने दिवस सांगतात. २०१० च्या नियमांत एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण मोजावे लागत. त्या काळात कुणी सगळ्यांसाठी चहा सांगितला की हाक यायची, "सरांना दुसऱ्या कॅटेगरीत पाच गुण टाका!" दुसरी कॅटेगरी म्हणजे सहशालेय आणि विस्तारकार्य. आपलं काम आकड्यात मावत नाही, हे दुःख त्या एका वाक्यात होतं, म्हणून ते मला आजही आवडतं.

एक मात्र जपा. थट्टा कागदाची करा, कार्यालयातल्या माणसाची नको. सुरुवातीला मी आमच्या वरिष्ठ लिपिकांना सगळ्यांसमोर "तुमच्याकडे फाईल झोपते का हो?" असं विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. नंतर कळलं, भरती न झालेल्या दोन टेबलांचं कामही त्यांच्याकडेच होतं. मी जाऊन माफी मागितली. पुढे 'ओटी'चा किस्सा त्यांना सांगितला तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात लेखी मागून घ्या, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, जावक क्रमांक स्वतःच्या वहीत लिहा, हे मला त्यांनीच शिकवलं.

तिसऱ्यांदा फाईल गेली त्या दुपारी त्यांचा फोन आला, "मॅडम, लेक निघाली सासरी. जावक क्रमांक लिहून घ्या."