ठाण्याच्या दमट हवेत बर्फाची नळी टिपताना

अंटार्क्टिकाचा समुद्र गोठताना बर्फातून निसटणारे अतिथंड, जड खारे पाणी खाली उतरते आणि भोवतीचे पाणी गोठवत पोकळ नळी घडवते. तिची वाढ २०११ मध्ये जगाने पडद्यावर पाहिली. तशीच नळी काचेच्या टाकीत घडवून मोबाइलवर टिपायचा प्रयत्न मी ठाण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात केला, पण टाकीत सोडलेली खाऱ्या पाण्याची धार नळी न धरताच तळाशी विरत होती. दोष टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचा होता. लिटरला ३५ ग्रॅम मिठाचे ते पाणी मी बर्फ-मिठाच्या परातीत ठेवून उणे एक अंशापर्यंत गार केले आणि फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवलेले, लिटरला ३०० ग्रॅम मिठाचे द्रावण सलाईनच्या नळीतून बारीक धारेने सोडले, तेव्हा बोटभर दुधी नळी उतरली. काचेवर बाष्प धरतच होते (पावसाळ्यात आमच्याकडे पापडही तासाभरात मऊ पडतो). भांड्यांचा साबण बाहेरून पातळ चोळून कोरड्या फडक्याने पुसल्यावरच मोबाइलला ती स्पष्ट दिसली.