पेटीपासून पडद्यापर्यंत एकच क्रमांक: जुनी कागदपत्रे लोकांसाठी खुली करताना

जुने दप्तर लोकांसाठी खुले करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी स्कॅनर येतो. हा क्रम उलटा आहे. नोंद नसलेल्या दहा हजार प्रतिमांमध्ये कोणालाच काही सापडत नाही. त्यातली एखादी प्रतिमा कोणत्या पेटीतल्या कागदाची, हे पाहायला पुढे सगळ्या पेट्या पुन्हा उघडाव्या लागतात, आणि नाजूक कागदाला प्रत्येक हाताळणी महागात पडते. म्हणून सुरुवात संदर्भ क्रमांकापासून करा. तोच क्रमांक पेटीवर, प्रतिमेच्या फाइलवर, प्रदर्शनातल्या फलकावर आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात असला पाहिजे. प्रदर्शनात पत्र पाहिलेल्या माणसाला पुढे ती पूर्ण नस्ती (एकत्र बांधलेल्या कागदांची फाइल) मागवता आली, तरच संग्रह खुला झाला म्हणायचे.

क्रमांक आणि नोंद

क्रमांकाची रचना साधी ठेवा: संग्रहाची तीन अक्षरी खूण, पेटीसाठी तीन अंक, नस्तीसाठी तीन, पानासाठी चार. मधे फक्त अधोरेखा. पुढची शून्ये गाळू नका (००४_०१२_००३७), नाहीतर संगणक २ च्या आधी १० लावतो. फाइलच्या नावात मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा मात्रा असलेली अक्षरे नकोत. एका प्रणालीतून दुसरीत नेताना ती हमखास बिघडतात, म्हणून तिथे साधी रोमन अक्षरे आणि अंकच बरे. कागदावर क्रमांक घालायचा तो मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. पेन किंवा चिकटपट्टी अजिबात नको.

कागद तारखेप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे नव्याने लावण्याचा मोह टाळा. ज्या कचेरीने किंवा व्यक्तीने ते ठेवले, तिचा क्रम हाच एक पुरावा असतो: कोणत्या अर्जामागे कोणते उत्तर जोडले, कोणता कागद वेगळा बांधला. गठ्ठा सोडण्यापूर्वी त्याचा फोटो घ्या.

वर्णनासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने सहा गोष्टी आवश्यक मानल्या आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, आकारमान आणि वर्णनाची पातळी (संग्रह, मालिका, नस्ती की एकटा कागद). आधी संपूर्ण संग्रहाचे एक पानभर वर्णन लिहा, मग मालिकांचे, मग नस्त्यांचे. प्रत्येक कागदाची वेगळी नोंद फक्त निवडक नस्त्यांसाठी करा. पहिल्या पेटीपासून कागदागणिक नोंदी सुरू केल्या तर काम तिसऱ्या पेटीत अडकते आणि उरलेल्या पेट्यांत काय आहे हे जगाला कळतच नाही. तारीख नक्की नसेल तर ‘अंदाजे १९१० ते १९१५’ असे लिहा. ‘जुने’ किंवा ‘फार पूर्वीचे’ या शब्दांनी शोध लागत नाही.

प्रतिमा घेणे

सुट्या, सपाट, धडधाकट कागदांना सपाट काचेचा स्कॅनर चालतो. आपोआप पान ओढणारा स्कॅनर जुन्या कागदासाठी कधीही वापरू नका. बांधीव वह्या, मोठे नकाशे आणि कडा झडणारे कागद यांच्यासाठी वरून खाली पाहणारा कॅमेरा आणि उभा स्टँड लागतो. मॅक्रो भिंग, एफ ८ च्या आसपास छिद्र, आयएसओ १००, रॉ स्वरूप आणि संगणकाला जोडलेला कॅमेरा. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. कॅमेरा पाटाशी समांतर आहे का, हे पाहायला पाटावर लहान आरसा ठेवा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की जुळले. ही तपासणी राहिली तर प्रत्येक पान एका बाजूला निमुळते आणि थोडे अस्पष्ट येते.

पातळ कागदाच्या मागची शाई पुढे दिसत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा. वही जितकी सहज उघडते तितकीच उघडा आणि दोन्ही पुठ्ठ्यांना खालून उशांचा आधार द्या. कागद हाताळताना सुती हातमोजे नकोत. त्यांनी बोटांची जाणीव कमी होते आणि कड फाटते. स्वच्छ, कोरडे हात पुरेत. छायाचित्रे आणि निगेटिव्ह मात्र नायट्राइल मोजे घालूनच.

कागदासाठी दर इंचाला ३०० ते ४०० पिक्सेल, छापील छायाचित्रांसाठी ६००. मूळ प्रत रंगीत, २४ बिट, टिफ स्वरूपात (यात प्रतिमेचा तपशील गाळला जात नाही) ठेवा आणि प्रत्येक सत्राच्या पहिल्या प्रतिमेत रंगपट्टी व मोजपट्टी घ्या. ए४ आकाराचे एक पान ४०० पिक्सेलला साधारण ४६ एमबी होते. दहा हजार पाने म्हणजे ४६० जीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर १.४ टीबी. हा हिशेब आधी न केल्याने अर्ध्यात जागा संपते आणि मग घाईने मूळ प्रती जेपेग करून ‘वाचवल्या’ जातात. तसे करू नका. जेपेग लोकांना दाखवण्यासाठी वेगळी बनवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा, संगणकाने काढलेला ताळा) त्याच दिवशी काढून ठेवा.

वाचता येणारा मजकूर

छापील मजकुरासाठी टेसेरॅक्टसारखे मुक्त सॉफ्टवेअर पुरते. हस्ताक्षरासाठी ट्रान्सक्राइबस किंवा ईस्क्रिप्टोरियम लागते, आणि एखाद्या व्यक्तीचे हस्ताक्षर वाचायला त्या सॉफ्टवेअरला शिकवायचे तर ५,००० ते १५,००० शब्द माणसाने अचूक उतरवून द्यावे लागतात. निकाल वाचताना आकड्याने फसू नका. अक्षरांतली चूक फक्त ५ टक्के असली आणि ती सगळीकडे सारखी पसरली असली, तर सहा अक्षरी शब्दांपैकी जवळपास पाव शब्द चुकीचे निघतात. शोधासाठी तेवढे चालते, उद्धृत करायला चालत नाही. म्हणून यंत्राने वाचलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट लिहा, तो नेहमी प्रतिमेच्या शेजारीच दाखवा आणि वाचकाला दुरुस्ती सुचवता येईल अशी सोय ठेवा. व्यक्तिनावे आणि गावांची नावे मात्र माणसाने तपासावीत. लोक सर्वांत जास्त तीच शोधतात आणि यंत्र नेमके तिथेच अडखळते.

हक्क आणि खासगीपणा

कागद संस्थेच्या ताब्यात असला म्हणून त्यातल्या मजकुराचा हक्क संस्थेकडे येत नाही. पत्राचा हक्क ते लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो. प्रत्येक नोंदीवर हक्काची स्थिती लिहा. राइट्सस्टेटमेंट्स या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची १२ तयार विधाने यासाठीच आहेत. हयात व्यक्तींचे आजार, खटले, पत्ते असलेल्या नस्त्या प्रतिमा घेण्याआधीच वेगळ्या काढा. आक्षेप आल्यास तो कोणाकडे पाठवायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे संकेतस्थळावर ठळक असू द्या.

संकेतस्थळ

नोंदींची उतरंड दाखवायची असेल तर ॲटम हे सॉफ्टवेअर, विषयवार ऑनलाइन प्रदर्शन मांडायचे असेल तर ओमेका. दोन्ही मुक्त आहेत. प्रतिमा ट्रिपल-आय-एफ (IIIF) या खुल्या मानक पद्धतीने द्या. त्यात मोठा नकाशा लहान तुकड्यांत येतो, वाचक जिथे झूम करतो तेवढेच तुकडे उतरतात आणि मंद जोडणीवरही काम होते. प्रत्येक नोंदीचा पत्ता कायमचा असू द्या आणि त्यात संदर्भ क्रमांक ठेवा. सॉफ्टवेअर बदलले की पत्ते बदलतात आणि छापून गेलेला प्रत्येक संदर्भ मरतो. हे टाळण्यासाठी स्वतःच्या नावाचा पत्ता (डोमेन) घेऊन त्यावरून पुढे वळवा.

दालनातले प्रदर्शन

इथे सगळ्यात मोठा शत्रू प्रकाश. त्याने झालेली हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही. कागदाच्या पृष्ठभागावर लक्समापकाने मोजून ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) वर जाऊ नका. जलरंग, रंगीत शाई, जुने रंगीत फोटो अशा अतिसंवेदनशील वस्तूंसाठी वर्षाला १५,००० लक्स-तास ही मर्यादा धरतात. ५० लक्स, रोज ८ तास, म्हणजे दिवसाला ४००. साडेसदतीस दिवसांत वर्षाचा कोटा संपला. प्रदर्शन तीन महिन्यांचे असेल तर मधे वस्तू बदला, वहीचे पान उलटा किंवा मूळाऐवजी उत्तम प्रतिकृती ठेवा आणि फलकावर ‘प्रतिकृती’ असे स्वच्छ लिहा. माणूस जवळ आल्यावरच लागणारे दिवेही मोठी बचत करतात. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना ५० लक्स अंधारे वाटतात, म्हणून प्रवेशाचा भाग टप्प्याटप्प्याने मंद करत न्या.

आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली तर बुरशी धरते. काचपेटीत छोटा मापक ठेवा. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) आणि ताज्या रंगातून आम्लयुक्त वाफा निघतात, आणि बंद पेटीत त्या कागदावरच बसतात. पेटी रंगवून काही आठवडे उघडी वाळवा आणि कागदाखाली आम्लरहित पुठ्ठा घाला. पाने धरून ठेवायला पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्ट्या वापरा. पीव्हीसी नको, टाचण्या आणि डिंकही नको.

टेबलासारख्या पेटीची काच जमिनीपासून ८० ते ९० सेंमी उंचीवर आणि खाली ७० सेंमी मोकळी जागा असली तर चाकाच्या खुर्चीतूनही नीट दिसते. फलकावर ५० ते ६० शब्द, किमान २४ पॉइंट. देवनागरीत मात्रा-उकारांमुळे ओळींत अंतर जास्त सोडावे लागते. पहिल्याच वाक्यात काय पाहायचे ते सांगा: कोणती खाडाखोड, कोणता शिक्का, कोणाची सही. हस्तलिखिताशेजारी दोन-तीन ओळींचे वाचन द्या, नाहीतर बहुतेक लोक कागद ‘पाहून’ पुढे जातात.

क्यूआर कोड किमान ३ सेंमी, भोवती कोडातल्या चार लहान चौकोनांइतकी कोरी जागा, आणि काचेच्या आत नव्हे तर बाहेर. आतल्या कोडवर दिव्याची चमक येते. त्याचा पत्ता मुखपृष्ठाकडे नेऊ नका, थेट त्याच कागदाच्या नोंदीकडे न्या. कोडखाली संदर्भ क्रमांक वाचता येईल असा छापा, कारण प्रत्येकाकडे फोन नसतो. मोठ्या स्पर्शपडद्यापेक्षा मागे छापील सूची असलेले एक टेबल आणि दोन खुर्च्या अनेकदा जास्त वापरल्या जातात. पडदा बिघडला की त्याच्यावरचे सगळे साहित्यही गायब होते.

प्रदर्शन उतरवताना प्रत्येक वस्तूची स्थिती आधीच्या फोटोशी ताडून पाहा आणि कोणते पान किती तास, किती लक्सला उघडे होते ते नोंदीत टाका. पुढच्या वर्षी तीच वस्तू मागितली गेली तर ती देता येईल की नाही, हे त्या आकड्यावरच ठरेल. वर्षातून एकदा सगळ्या प्रतींचे चेकसम पुन्हा काढा, जुळले नाहीत त्या फाइल दुसऱ्या प्रतीवरून भरा आणि त्याच बैठकीत क्यूआर कोडचे पत्ते एकेक उघडून पाहा.