जानेवारीत कामाची छाटणी कशी केली: माझा अनुभव

वर्ष सुरू झालं की आमच्या विभागात नवे संकल्प व्हायचे, पण जुन्या कामांना कुणी हात लावत नसे. या जानेवारीत मी आधी जुनं बाहेर काढलं. ठरलेल्या बैठका, दर आठवड्याचे अहवाल, सह्यांचे टप्पे, सगळं एका शीटमध्ये उतरवलं आणि प्रत्येकापुढे एक रकाना ठेवला: हे कोणाला लागतं?

सोमवारच्या अहवालापुढचा रकाना रिकामाच राहिला. ज्या साहेबांसाठी तो सुरू झाला, त्यांची कधीच बदली झाली होती आणि आकडे आता सिस्टिममध्ये थेट दिसतात. तरी लगेच रद्द केला नाही. पाठवणं थांबवलं आणि महिनाभर कोणी मागतंय का ते पाहिलं. कोणीच मागितला नाही. ही पद्धत मला सगळ्यात खात्रीची वाटते, कारण 'अहवाल हवाय का?' असं विचारलं की सगळे 'असू द्या' म्हणतात.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियमही चर्चेला घेतला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ सालीच सांगितलंय की ठरावीक मुदतीनं बदलाची सक्ती नको, फुटल्याचं दिसलं तर बदलायला लावा. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. आयटीवाल्यांनी लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी आणली, मुदत काढून टाकली.

बॅकअपचं काम मात्र वाढवलं. आता दर तिमाहीला त्यातली एक फाइल खरोखर परत आणून उघडून बघतो.