डोक्याला मुका मार लागला तर काय करावं?

दुचाकी घसरते, माणूस उठतो, कपडे झटकतो आणि ‘काही नाही झालं’ म्हणत घरी येतो. रक्ताचा थेंब नसतो. घरातलं कुणीतरी धीर देतं, ‘टेंगूळ बाहेर आलंय ना, मग आत काही नाही.’ हा समज साफ चुकीचा आहे. टेंगूळ कवटीच्या बाहेर, कातडीखाली येतं. आत मेंदूला किती हिसका बसला, एखादी रक्तवाहिनी फुटली का, हे त्यावरून कळत नाही.

२००९ साली कॅनडात स्कीइंग शिकताना अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडल्या. आपण ठीक आहोत असं त्यांनी सांगितलं, आलेली रुग्णवाहिकाही परत गेली. काही वेळाने डोकं दुखू लागलं आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठलं होतं. अशा रक्तस्रावात माणूस मधला काही वेळ अगदी शुद्धीवर असतो, नीट बोलतो. म्हणून पहिले २४ तास त्याला एकटं सोडू नका.

जागेवर

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवणं, गालावर चापट्या मारणं, बखोटीला धरून उभं करणं हेही नको. डोक्याबरोबर मानेलाही मार असू शकतो, म्हणून डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवा. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून काढा, एकाने मान धरायची आणि दुसऱ्याने हेल्मेट अलगद सरकवायचं. उलटी होत असेल तर मान न पिळता सगळं शरीर एका कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तशी तरतूद झाली आहे. रस्त्यावरच्या अपघातात रुग्णालय ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) नोंदवतं, त्याला घाबरून दाखल करायला उशीर करू नका.

थेट रुग्णालयात कधी

क्षणभर का होईना शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत चालली, झटका (फिट) आला, बोलणं अडखळू लागलं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटला, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त आलं, किंवा माणूस ‘मी इथे कसा आलो?’ असं परत परत विचारू लागला, तर वाट पाहू नका. वय ६५ च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर यातलं काही नसलं तरी दाखवून या. तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ते दूध घेत नसेल, रडणं थांबत नसेल, टाळू फुगलेली वाटत असेल किंवा नेहमीच्या वेळेखेरीज पेंगत असेल तर लगेच निघा.

रुग्णालयात शुद्धीची पातळी ३ ते १५ गुणांत मोजतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. गरजेप्रमाणे सीटी स्कॅन होतो. त्यात रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर दिसतं, मेंदूला बसलेला नुसता हिसका दिसत नाही. रक्त मोठ्या प्रमाणात साठून दाब वाढत असेल तर शस्त्रक्रिया करून ते काढतात. बाकी बहुतेकांवरचा उपचार म्हणजे निरीक्षण.

घरी सोडल्यावर

झोपू द्यायचंच नाही, हे खरं नाही. झोप हवीच. डॉक्टरांनी रात्री मधेमधे उठवायला सांगितलं असेल तर नुसतं ‘बरं आहे ना?’ विचारून भागत नाही. ‘हं’ म्हणून माणूस कूस वळतो. नाव विचारा, कुठे आहोत ते विचारा, रात्री काय जेवलात ते विचारा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतोय का बघा. मोबाईलच्या टॉर्चने डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्याच आहेत का ते पाहा. उठवूनही जाग येत नसेल तर सकाळची वाट बघू नका.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. दारू बंद. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायची नाही. टेंगळावर बर्फ कापडात गुंडाळून ठेवा, चोळू नका.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल आणि टीव्ही अगदी कमी. पुढे अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याने फायदा होत नाही. थोडं चालणं, थोडं वाचन, मग अर्धा दिवस काम असं वाढवत न्या. त्रास वाढला की एक पायरी मागे या. मुलांनी आधी शाळा गाठावी, मैदान त्यानंतर. पहिली इजा भरून येण्याआधी दुसरा मार बसणं फार वाईट. क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू मिळतो, तो याच कारणाने. गल्लीतल्या सामन्यात मात्र आपण ‘काही होत नाही, खेळ’ म्हणतो.

बहुतेक मोठी माणसं दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चारेक आठवडे लागू शकतात. मधल्या काळात चिडचिड, विसराळूपणा, आवाज-उजेड सहन न होणं, कधी वासच न येणं असं चालू राहतं. बाहेरून काही दिसत नसल्याने घरच्यांना ती नाटकं वाटतात. तसं नसतं.

म्हाताऱ्या माणसांत एक गोष्ट हमखास निसटते. न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हा काही वाटलं नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी तोल जाऊ लागला, गोंधळ वाढला. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सावकाश साठलेलं रक्त असू शकतं आणि ते कवटीला छोटं छिद्र पाडून काढता येतं. डॉक्टरांना ते कधी पडले होते, हे आठवणीने सांगा.

महिनाभरानंतरही त्रास टिकला तर डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची फिल्म घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. झटक्यांच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका.